दहाचा फ्यूज

वडशात एक पेटीमास्तर राहत होता. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तो ऑर्गन वाजवायचा, पण गावोगावचे लोक त्याला पेटीमास्तरच म्हणत. दिवाळी झाली, की या भागात मंडया भरू लागतात, शंकरपट होतात, आणि पाहुण्यांनी घरं भरली, की रात्री गावात नाटक लागतं. नाटक कंपन्यांची बिऱ्हाडं वडशात. तिथून रोज संध्याकाळी गाड्या सुटतात, कोणी आरमोरीकडे, कोणी ब्रह्मपुरीकडे, कोणी धानोऱ्याच्या जंगलात. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेला पडतो. नट दिवसा झोपतात आणि संध्याकाळी पुन्हा नव्या गावाला निघतात. होळीपर्यंत हे असंच चालतं.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली आणि सगळ्या झाडीपट्टीनं मान वर केली. त्याच्या पुढच्या हंगामातली ही गोष्ट.

मास्तरनं पैसे साठवून एक जुनी गाडी घेतली होती. ऑर्गन डिकीत राहायचा, तबलजी पुढं बसायचा, मागच्या सीटवर कंपनीची नटी आणि आणखी एकदोघं. नटी गोड गळ्याची होती. पण त्या हंगामात तिचा गळा वारंवार बसू लागला होता. ती ज्येष्ठमध चघळायची, गरम पाणी प्यायची. मॅनेजर म्हणायचा, "गोळी घ्या ताई, आणि उभ्या राहा. तारीख मोडता येत नाही." मास्तरही तेच म्हणायचा. ती गोळी घ्यायची आणि उभी राहायची.

एका रात्री आरमोरीच्या रस्त्यावर गाडीच्या मीटरचा उजेड अचानक गेला. समोरचे दिवे चालू होते, म्हणून मास्तर तसाच पुढं गेला. थोड्या वेळानं मागून आलेल्या ट्रकनं करकचून ब्रेक लावला. ट्रकवाला खाली उतरून ओरडला, "मागं एकही लाइट नाही तुझ्या गाडीला! दिसणार कशी?"

मास्तरनं फ्यूजचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा, ते छापलेलं होतं. मागच्या दिव्यांचा लाल फ्यूज, दहा अँपिअरचा, आतल्या आत तुटला होता. त्यानं दुसरा घातला. दिवे लागले.

चार दिवसांनी तो पुन्हा उडाला. मग आणखी एकदा. मास्तर वैतागला. वाटेतल्या एका नाक्यावर गॅरेजमध्ये एक पोरगा होता. त्यानं डब्यात हात घालून एक हिरवा फ्यूज काढला, तीसचा, आणि लालच्या जागी दाबून बसवला. "आता नाही उडणार," तो म्हणाला.

आणि खरंच, तो उडाला नाही. मास्तर खूश झाला. तीस रुपयांत डोकेदुखी गेली, असं तो सगळ्यांना सांगू लागला.

पौषातल्या एका संध्याकाळी कंपनीला कोरचीच्या पलीकडच्या एका गावी जायचं होतं. त्या दिवशी लाइटवाले काकाजी मास्तरच्या गाडीत बसले. एरवी ते सामानाच्या ट्रकमधून आधीच पुढं जायचे. रंगमंचावरचे फोकस, डिमर, जनरेटर, सगळं त्यांच्याकडे. वय झालेलं, बोलणं कमी. मांडीवर एक कापडी पिशवी असायची आणि ती ते कोणाला उचलू देत नसत.

कुरखेडा गेलं, पुराडा मागं पडलं. रस्ता जंगलात शिरला आणि बेडगावचा घाट लागला. मोबाइलची रेंज गेली. 2021 पासून छत्तीसगडमधून आलेला हत्तींचा कळप या तालुक्यांत फिरत होता, वाघ तर होताच. रात्री या वाटेनं कोणी विनाकारण थांबत नसे.

काकाजींनी एकदम नाक वर केलं.

"बाबू, गाडी बाजूले घे."

"काय झालं काकाजी?"

"आधी घे. वळणावर नोको, सरळ जागा पाहून घे. चावी बंद कर. आता सारे खाली उतरा."

गाडी थांबली तेव्हा मास्तरलाही वास आला. प्लास्टिक जळाल्याचा, उग्र, घशात बसणारा. डॅशबोर्डखालून धुराची बारीक रेघ निघत होती. चावी बंद केली तरी ती थांबेना. दिव्यांचं बटण फिरवलं तरी थांबेना.

"चावीनं नाई होत ते," काकाजी म्हणाले. "बॅटरीतून सरळ येऊन रायलं. बोनेट उघड."

त्यांनी पिशवीतून दहा नंबरचा पाना काढला आणि बॅटरीचा काळा टर्मिनल सैल केला. मास्तर लाल टर्मिनलकडे हात नेत होता, त्यांनी तो अडवला. "पयले काळा. गाडीचं सारं लोखंड काळ्याले जोडलेलं आहे. लाल सोडताना पाना बॉडीले लागला, तर इथंच भडका होईन."

काळी पट्टी सुटली. धूर हळूहळू विरला. गाडीचे सगळे दिवे विझले आणि चहूबाजूंनी अंधार झाला.

मास्तरला वाटलं होतं, आता काकाजी दुरुस्तीला लागतील. ते लागले नाहीत. त्यांनी आधी माणसं बघितली. नटीला आणि दुसऱ्या नटाला रस्त्यापासून दूर, उंचवट्यावर उभं केलं. "गाडीच्या मागं कोनी उभं रायचं नाई. आन जंगलात एकट्यानं कोनी जायचं नाई, कितीबी लागली तरी." तबलजीला घेऊन त्यांनी पळसाच्या फांद्या तोडल्या आणि मागच्या वळणाच्याही अलीकडे रस्त्याच्या कडेला टाकल्या, तशाच पुढच्या बाजूला. तबलजीला टॉर्च देऊन तिथंच उभं केलं.

थोड्या वेळानं छत्तीसगडकडे निघालेला एक ट्रक आला. फांद्या आणि टॉर्च पाहून तो दुरूनच हळू झाला. काकाजींनी त्याच्याजवळ गावातल्या नाटक मंडळाला निरोप दिला: नाटकवाले येऊन राहिले, उशीर होईल, लोकांना थांबवून ठेवा.

मग ते गाडीकडे वळले. फ्यूजचं झाकण काढून टॉर्च धरला. हिरवा फ्यूज साबूत होता. त्याच्या मागची वायर मात्र वितळून शेजारच्या वायरींना चिकटली होती.

"हा कोनं घातला?"

मास्तरनं सांगितलं. काकाजी रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "लाल फ्यूज कवा कवा उडे?"

"केव्हाही, काकाजी."

"केव्हाही काहीच होत नाई. आठव."

मास्तर आठवू लागला. बाजाराला जाताना कधी उडाला नव्हता. पोरांना शाळेत सोडताना नाही. ब्रह्मपुरीला दवाखान्यात गेलो तेव्हाही नाही. उडाला तो आरमोरीच्या वाटेवर, मग रांगीकडे जाताना, मग… तो बोलता बोलता थांबला.

"नाटकाले जातानाच उडे," तो म्हणाला.

"आन नाटकाले जाताना गाडीत काय असते, जे बाजाराले नसते?"

दोघं डिकीकडे गेले. ऑर्गन उचलून रस्त्यावर ठेवला. त्याच्या पेटाऱ्याच्या कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या होत्या. डिकीच्या कडेनं मागच्या दिव्यांकडे वायरींचा जुडगा गेला होता, आणि बरोबर त्या कोपऱ्याखाली तो दबून चपटा झाला होता. काळी टेप फाटली होती. टॉर्चच्या उजेडात आतलं तांबं चकाकत होतं. गाडी खड्ड्यात आदळली, की पेटारा दाबायचा, तांबं पत्र्याला लागायचं आणि फ्यूज उडायचा. मास्तरच्या डोळ्यांसमोर सगळा हंगाम उभा राहिला.

"लाल फ्यूज आपलं काम करे," काकाजी म्हणाले. "ही वायर पातळ आहे. तिले सोसते तेवढाच फ्यूज कंपनीनं दिला. तू तीसचा लावला. फ्यूज वाचला आन वायर पेटली. उद्या गाडी पेटली असती, मंडळी आत असताना."

मास्तर काही बोलला नाही.

पुढचा तासभर काकाजी डॅशबोर्डखाली डोकं घालून पडले होते. मास्तर टॉर्च धरून होता. चिकटलेल्या वायरी त्यांनी एकेक करून सोडवल्या, प्रत्येकीला वेगळी टेप गुंडाळली. जळालेली वायर दोन्हीकडून कापून टाकली. पिशवीतून रंगमंचाच्या वायरचं वेटोळं काढून नवी वायर चटईखालून डिकीपर्यंत नेली. जिथं पेटारा टेकायचा, तिथून ती लांब, वरच्या बाजूनं फिरवली, आणि पेटाऱ्याच्या कोपऱ्याखाली धानाचं रिकामं पोतं घडी करून घातलं. शेवटी काळी पट्टी बॅटरीला न कसता नुसती टेकवून पाहिली. मोठी ठिणगी उडाली असती, तर कुठंतरी अजून तांबं पत्र्याला लागत होतं असं समजायचं. ठिणगी उडाली नाही. तेव्हा पट्टी कसली आणि लाल फ्यूज बसवला, दहाचाच.

मीटरमध्ये उजेड आला. मागचे दिवे लागले. दूर वळणावर तबलजीनं टॉर्च हलवला.

निघताना काकाजी स्वतः चालत गेले आणि एकूण एक फांदी उचलून रस्त्याखाली टाकली. "आपलं संकट गेलं, फांद्या रायल्या, तर उद्या एखादा मोटरसायकलवाला पडन," ते म्हणाले.

फ्यूज मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. बाकीचं सगळं वाचावं म्हणून आधी त्यानं तुटायचं असतं. घरात, मंडळीतही एखादं माणूस असं असतं, सगळ्यांच्या आधी थकणारं. त्याला आपण दणकट व्हायला सांगतो. भार कुठून पडतो, ते त्याला विचारायचं राहून जातं.

घाट उतरल्यावर गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मास्तरनं आरशात पाहत विचारलं, "ताई, तुमचा गळा कवा बसते?"

नटीला प्रश्नाचं नवल वाटलं. तिनं थोडा विचार केला. "पहिल्या दोन अंकांत काही होत नाई, मास्तर. तिसऱ्या अंकातलं पद झालं, की बसते. दुसऱ्या दिवशी मग आवाजच फुटत नाई."

ते पद काळी पाचमध्ये बसवलेलं होतं. बसवलं तेव्हा कंपनीत दुसरी गायिका होती, तिचा आवाज तिथं सहज जायचा. ती सोडून गेली, ही आली. पट्टी मात्र मास्तरनं तशीच ठेवली होती. रोज रात्री तीच पट्टी तो धरत होता आणि रोज रात्री ही बाई तिथपर्यंत आवाज ओढत होती.

"आज काळी चार घेऊ," मास्तर म्हणाला.

"मॅनेजर काय म्हणतीन?"

"त्यायले मी सांगतो."

गावात पोहोचले तेव्हा मध्यरात्र होत आली होती. लोक उठून गेले नव्हते. घोंगड्या, चादरी पांघरून बायका-पोरं पडद्यासमोर बसली होती. ट्रकवाल्याचा निरोप पोचला होता. मॅनेजर घाईघाईनं पुढं आला, हातात गोळीचं पाकीट. मास्तरनं ते त्याच्या हातातच राहू दिलं आणि त्याला बाजूला घेऊन पट्टीचं सांगितलं. मॅनेजर कुरकुरला. पद पडलं तर गाव काय म्हणेल, असं त्याचं म्हणणं होतं. तबलजीनं तोवर हातोडी काढली होती. तो गट्ट्यांवर खालच्या बाजूनं एकेक ठोका देत तबला काळी चारवर उतरवू लागला होता.

तिसऱ्या अंकाला रात्र बरीच सरली होती. मास्तरनं सूर धरला. नटीनं पद उचललं, आणि जिथं रोज तिची मान ताणली जायची, तिथं ती सहज उभी राहिली. गाणं संपलं तेव्हा मागच्या रांगांतून वन्स मोअरचा गजर झाला. हंगाम सुरू झाल्यापासून हा गजर झाला, की ती हात जोडून नको म्हणायची. त्या रात्री तिनं मास्तरकडे पाहिलं, मानेनंच खूण केली, आणि पद पहिल्या ओळीपासून पुन्हा गायलं.