सोपवलेले कर्म आणि त्याचे स्वामित्व

कर्म एकाने सोपवले आणि दुसऱ्याने केले, तर ते कोणाचे मानावे, या प्रश्नाचा भारतीय दर्शनांमध्ये सर्वांत काटेकोर विचार पूर्वमीमांसेने केला आहे, कारण तिचा विषय असलेला यज्ञ मुळातच पुष्कळसा दुसऱ्यांच्या हातून घडतो. डेस्कटॉपवरील एखादा प्रोग्रॅम ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवणे ही वरवर पाहता निव्वळ तांत्रिक क्रिया आहे. परंतु तिच्यात एक माणूस आपली सत्ता दुसऱ्या कर्त्याच्या हाती देत असल्यामुळे हाच जुना प्रश्न तिच्या पोटात दडलेला असतो. आधुनिक यंत्रे शास्त्रांत आधीच वर्णिलेली होती, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. तसला दावा मीमांसेलाही कमीपणा आणणारा आहे. सोपवणुकीचे जे तर्कशास्त्र मीमांसकांनी रचले, ते या नव्या व्यवहाराला कितपत लागू पडते आणि कोठे अपुरे ठरते, एवढेच पाहायचे आहे.

संगणकावर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम कोणाच्या तरी नावाने चालत असतो, आणि त्या नावाला जे करण्याची मुभा असेल तेवढेच त्याला करता येते. विंडोज या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून दोघांचा व्यवहार सांभाळणाऱ्या मूळ प्रणालीमध्ये, ही मुभा ‘टोकन’ नावाच्या नोंदीत साठवलेली असते. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये घरगुती संगणकावरील खाते सहसा ॲडमिनिस्ट्रेटरचेच असे, त्यामुळे त्या खात्यातून सुरू झालेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला, मग तो पत्त्यांचा खेळ असो वा व्हायरस, संपूर्ण यंत्रावर सत्ता मिळे. 2007 च्या जानेवारीत सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आलेल्या व्हिस्टाने ही पद्धत मोडली. ॲडमिनिस्ट्रेटरने लॉगिन केले, तरी त्याच्यासाठी दोन टोकन तयार होऊ लागले, एक पूर्ण सत्तेचे आणि एक छाटलेले, आणि नेहमीची सर्व कामे छाटलेल्या टोकनावरच चालू लागली. पूर्ण सत्ता हवी असेल, तर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे लागते, किंवा प्रोग्रॅमच्या निर्मात्याने सोबतच्या ‘मॅनिफेस्ट’मध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःविषयी दिलेल्या निवेदनात, तशी मागणी नोंदवलेली असावी लागते, मग पडदा मंदावतो, इतर कोणत्याही प्रोग्रॅमला ज्यावर क्लिक करता येणार नाही अशी एक खिडकी उघडते, आणि ‘येस’ की ‘नो’ असे विचारले जाते. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमला मात्र मध्येच वरची सत्ता देता येत नाही. तो पूर्ण टोकनासह नव्याने सुरू करावा लागतो, आणि पुढे त्याने जे जे प्रोग्रॅम सुरू करावेत, त्यांच्याकडेही ती सत्ता सहसा वारशाने जाते.

आता यज्ञाकडे पाहावे. दर्शपूर्णमास इष्टीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या यज्ञाला, चार ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, लागतात आणि ज्योतिष्टोम या सोमयागाला सोळा. आहुती देणे, मंत्र म्हणणे, सोम कुटणे ही बहुतेक कामे तेच करतात. तरीही यज्ञाचे फळ यजमानाला, म्हणजे जो यज्ञ करवतो त्याला, मिळते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या पादात याची चर्चा आहे आणि निर्णय असा, की ज्याने कर्माची प्रेरणा दिली तोच फळाचा धनी, आणि दक्षिणेने ऋत्विजांचा ‘परिक्रय’ झालेला असल्यामुळे, म्हणजे त्यांचे श्रम मोल देऊन घेतलेले असल्यामुळे, त्यांनी केलेले ते यजमानानेच केले असे समजावे. लौगाक्षी भास्कराच्या ‘अर्थसंग्रहा’त अधिकार या संकल्पनेची व्याख्याच फळावरील स्वामित्वाने केलेली आहे. परंतु सोपवणुकीला मर्यादा आहेत, आणि मीमांसेची खरी सूक्ष्मता तेथे दिसते. द्रव्यावरील आपला हक्क सोडून ते देवतेला देण्याची ‘त्याग’ ही मानसिक क्रिया यजमानालाच करावी लागते. सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा, म्हणजे मूळ वस्तूच्या जागी चालणाऱ्या पर्यायाचा, विचार येतो. त्यानुसार सोम न मिळाल्यास पूतिका चालते, पण देवतेला, मंत्राला आणि कर्माच्या स्वामीला पर्याय नाही. अनेक यजमान मिळून करतात त्या सत्रात एखादा मरण पावल्यास त्याची जागा दुसऱ्याने भरण्याची मुभा आहे, परंतु असा भरलेला मनुष्य संख्या पुरी करतो, फळाचा वाटेकरी होत नाही.

या चौकटीत ‘येस’ या क्लिकचे स्थान कोणते? वरवर पाहता तो यजमानाचा संकल्प वाटतो. पण संकल्पात देश आणि काळ सांगितला जातो, करणाऱ्याचे नाव आणि गोत्र सांगितले जाते, आणि त्यानंतर कोणते कर्म कोणत्या हेतूने करणार, ते उच्चारले जाते. मंदावलेल्या पडद्यावरील खिडकी प्रोग्रॅमचे नाव सांगते, त्याचा प्रकाशक कोण ते सांगते, तपशील मागितल्यास तो डिस्कवर कोठे आहे तेही सांगते. तो काय करणार, हे सांगत नाही. प्रकाशकाची डिजिटल सही प्रोग्रॅमच्या कुळाची हमी देते, त्याच्या वर्तनाची देत नाही. म्हणून त्या क्लिकला संकल्प म्हणण्यापेक्षा ‘वरण’, म्हणजे ऋत्विजाची निवड, म्हणणे अधिक योग्य ठरेल. ऋत्विज निवडला गेला, त्याला यज्ञशाळेच्या किल्ल्याही मिळाल्या, पण कोणता याग करायचा हे यजमानाने उच्चारलेलेच नाही. अशा स्थितीत पुढे जे घडेल त्याचे संपूर्ण स्वामित्व वापरकर्त्याच्या माथी मारणे मीमांसेच्या न्यायाने टिकत नाही, कारण प्रेरणा देणारा तो फळाचा धनी हा नियम प्रेरणेचा विषय ठरलेला आहे असे गृहीत धरतो.

सोपवणुकीतील दुसरी एक अडचण यज्ञशाळेत सहसा उद्भवत नाही, संगणकात मात्र ती वारंवार उद्भवते. नॉर्म हार्डी यांनी 1988 साली तिचे वर्णन ‘गोंधळलेला मुखत्यार’ अशा आशयाच्या नावाने केले. टाइमशेअर या कंपनीच्या संगणकावरील एका कंपायलरला, म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, वापराची आकडेवारी नोंदवण्यासाठी प्रणालीच्या एका राखीव फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा होती. एका वापरकर्त्याने त्याला आपले आउटपुट ज्या फाइलमध्ये लिहायला सांगितले, ती त्याच फोल्डरमधील बिलांची फाइल होती. वापरकर्त्याला स्वतःला त्या फाइलला हात लावता आला नसता. कंपायलरला येत होता, आणि त्याने बिलांची माहिती पुसून टाकली. कंपायलर दोन धन्यांच्या सत्तेने वागत होता आणि कोणते लेखन कोणाच्या सत्तेने करायचे, हे सांगण्याची सोयच त्याच्याकडे नव्हती. ऋत्विजाला एका यागात एकच यजमान किंवा ठरलेले यजमान असतात. पूर्ण टोकन मिळालेला प्रोग्रॅम मात्र वापरकर्त्याची सत्ता घेऊन, कोठून तरी आलेल्या फाइलमधील आज्ञा पाळू शकतो. हार्डी यांचा उपाय असा, की मुभा कर्त्याला चिकटवू नये, ती प्रत्येक वस्तूच्या निर्देशाबरोबरच द्यावी.

हा उपाय मीमांसेच्या एका मूळ धारणेला फार जवळचा आहे. मीमांसेत कोणालाही सर्वसाधारण अधिकार नसतो. अधिकार नेहमी अमुक एका कर्माचा असतो, आणि त्या कर्माच्या फळाची इच्छा, ते करण्याचे सामर्थ्य आणि त्याचे ज्ञान यांवर तो ठरतो. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 साली संगणकाच्या सुरक्षेची जी तत्त्वे मांडली, त्यांतील ‘किमान अधिकारा’चे तत्त्व, म्हणजे हाती घेतलेल्या कामाला लागेल तेवढीच मुभा असावी हे सूत्र, याच बाजूचे आहे. मात्र मीमांसेने स्वतःच हे तत्त्व शेवटपर्यंत पाळले नाही, हेही नमूद केले पाहिजे. सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात बादरी या आचार्याचे मत येते, की अग्न्याधानाच्या, म्हणजे यज्ञाचे अग्नी स्थापण्याच्या, विधीत वर्णांचा उल्लेख केवळ ऋतू ठरवण्यापुरता आहे, म्हणून अधिकार सर्वांना आहे. जैमिनीने ते मत नाकारले आणि शूद्रांना यज्ञातून वगळले. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणाने तोच निर्णय वेदविद्येपर्यंत नेला. इच्छा, सामर्थ्य आणि ज्ञान या निकषांच्या जागी जन्म आला, म्हणजेच अधिकार कर्मापासून सुटून ओळखीला चिकटला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे संस्थापक आणि सात खंडांच्या मीमांसाकोशाचे कर्ते केवलानंद सरस्वती यांच्या परंपरेतून महाराष्ट्रात धर्मसुधारणेचे विचार पुढे आले, ही गोष्ट बादरीच्या बाजूने बोलणारी आहे.

संगणकाच्या बाजूने दोष कोठे जातो? मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी 2008 च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील आरएसए या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत उघडपणे सांगितले, की ही खिडकी वापरकर्त्यांना त्रास व्हावा म्हणूनच आणली होती. त्या त्रासामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी विनाकारण पूर्ण सत्ता मागणे थांबवावे, असा हेतू होता. हे विधान पुष्कळांना उर्मट वाटले, पण त्यात जबाबदारी योग्य ठिकाणी ठेवलेली आहे. साध्या लेखनाचा किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम आपल्या नोंदी वापरकर्त्याच्या फोल्डरऐवजी प्रणालीच्या फोल्डरमध्ये लिहितो आणि मग त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरची सत्ता मागतो, तेव्हा तो निर्मात्याच्या आळसाची किंमत वापरकर्त्याकडून वसूल करीत असतो. अशा जुन्या प्रोग्रॅमसाठी व्हिस्टाने एक युक्ती योजली होती: त्यांचे लेखन गुपचूप वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरकडे वळवले जाई आणि प्रोग्रॅमला मात्र आपण प्रणालीतच लिहिले असे भासे.  याच्या उलट, काही वापरकर्ते टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरवलेली कामे आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीमध्ये, एकदाच ‘सर्वोच्च सत्तेने चालवावे’ अशी खूण करून ती खिडकी कायमची टाळतात. त्यांनी मात्र न उच्चारलेल्या कर्माला पुढच्या सर्व काळासाठी समजून-उमजून संमती दिलेली असते, आणि त्यांच्या बाबतीत स्वामित्वाचा मोठा वाटा त्यांच्याकडेच राहतो.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज 11 साठी एक नवी व्यवस्था जाहीर केली. तिच्यात पूर्ण सत्ता वापरकर्त्याच्या खात्यात न ठेवता प्रणालीने सांभाळलेल्या वेगळ्या, लपलेल्या खात्यातून गरजेपुरती निर्माण केली जाते आणि काम संपताच ते टोकन नष्ट केले जाते. काळाची मर्यादा त्यामुळे काटेकोर होते. परंतु सत्ता मिळालेला प्रोग्रॅम कोणत्या फाइल बदलणार आणि कशासाठी, हे त्या व्यवस्थेतही संमती देण्यापूर्वी वापरकर्त्याला सांगितले जात नाही.