यंत्राची साक्ष

यंत्राचा आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला, असा समज पुष्कळांचा असतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात या समजाची कसोटी लागते. लाखो किलोमीटर धावलेली पिकअप गाडी दुरुस्तीस येते. गिअर टाकताना करकर होते, चालताना पेटीतून घरघर ऐकू येते. कारण उघड असते: वेग जुळविणारी पितळी सिंक्रो रिंग झिजलेली, दातांच्या कडा बोथटलेल्या आणि बेअरिंग ढिले. गिअरबॉक्स उतरवून हे भाग बदलावयाचे तर पैसा लागतो व धंदाही बुडतो. त्यापेक्षा जाड तेल ओतले की घरघर काही दिवस निवते, आणि गाडी विकतासुद्धा येते.

यात कोण खोटे बोलले, असे कोणी विचारील. शब्दाने कोणीच नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गगनबावड्यापुढील करूळ घाटात गुळाच्या ढेपांनी भरलेली तीच गाडी उतरत असता गिअर सुटला, तर इंजिनाचा आवर जाऊन सारा भार ब्रेकवर पडतो. घरघर ही यंत्राची साक्ष होती. ती दडपल्यामुळे नवा चालक बेसावध राहिला. आमच्या मते हे असत्यच होय.

ज्यास नवे भाग परवडत नाहीत, त्यास मिस्त्रीने तेलावर वेळ निभावून द्यावी; त्यास आमची हरकत नाही. मात्र दोष कायम आहे आणि भरल्या गाडीने घाट उतरू नये, एवढे त्याने मालकास, व मालकाने पुढील गिऱ्हाइकास, स्पष्ट सांगितलेच पाहिजे.