चुकणारी घड्याळे आणि आपण

सयाजीगंजातील सयाजीबागेत फुलांचे घड्याळ आहे. तबकडी फुलांची, काटे फिरविणारे यंत्र जमिनीखाली दडलेले. अशा घड्याळापुढे उभे राहिले की हात आपसूक मनगटाकडे वळतो. आणि दोहोंत मिनिटाचा फरक दिसला, तर चूक कोणाची हा प्रश्न आम्ही तत्क्षणी निकालात काढतो. चूक दुसऱ्याच्या घड्याळाची!

वस्तुतः खरी वेळ आम्हांपैकी कोणाच्याच मनगटावर नसते. बडोद्याचा मध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी ३७ मिनिटे मागून येतो. १९०६ साली आलेली ही प्रमाणवेळ म्हणजे सर्वांनी मिळून पाळावयाचा एक करार होय.

संगणकालाही हा करार पाळावा लागतो. त्याचे घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवर चालते, आणि उष्णतेच्या चढउताराने ती कंपने बदलतात. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. ही चूक क्षुल्लक नव्हे. १९९१ साली धाहरान येथे एका क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या कालगणनेत, स्फटिकामुळे नव्हे तर आकडेमोडीतील सूक्ष्म काटछाटीमुळे, शंभर तासांत सेकंदाचा एक तृतीयांश फरक साचला. येणारे क्षेपणास्त्र अडविले गेले नाही. २८ सैनिक प्राणास मुकले.

म्हणून आजचा संगणक स्वतःवर विसंबत नाही. तो वरचेवर दुसऱ्या, अधिक विश्वसनीय घड्याळाला वेळ विचारतो. आपण थोडे पुढे गेलो आहोत असे त्याला आढळले, तर काटे मागे फिरविण्याऐवजी तो सहसा आपली चाल किंचित मंद करतो आणि सर्वांशी जुळवून घेतो. कारण वेळ मागे नेली, तर पैसे भरण्याआधीच पावती फाडल्याची नोंद व्हावयाची, प्रश्नाआधी उत्तर यावयाचे. मग साऱ्या दप्तरावरचा विश्वासच उडेल.

आम्ही माणसे मात्र चूक उमगताच प्रथम भूतकाळावर हात घालतो. "आम्ही तसे म्हणालोच नव्हतो," हे आमचे पहिले वाक्य. लिहिलेले खोडावे, बोललेले नाकारावे, हीच आमची दुरुस्ती.

चुकणे हा घड्याळाचा धर्म आहे, आणि आमचाही. परंतु झालेली नोंद जशीच्या तशी राहू द्यावी, दुसऱ्याला विचारण्यात कमीपणा मानू नये, आणि पुढची चाल सुधारावी, एवढे तर आमच्या हाती आहे. बागेतील घड्याळापुढे पुन्हा उभे राहू, तेव्हा निदान आपल्या मनगटाकडे थोड्या संशयाने पाहू या.