उणे चार व्होल्ट

संयम हा माणसाचा स्वतःचा गुण असतो, की तो त्याला बाहेरून कुणीतरी लावलेला असतो? मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी हा प्रश्न हाताळला असेल. मला तो पडला आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांकडे, एका सुपारीच्या डबीपुढे.

अण्णा तारखात्यातले. २०१३ साली तार बंद झाली, त्याच्या आधीच ते निवृत्त झाले. पण बोटांची कडकट्ट काही निवृत्त झाली नाही. ते 'हॅम' आहेत. म्हणजे रीतसर परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून, घरच्या प्रक्षेपकावरून जगभरच्या तसल्याच हौशी मंडळींशी गप्पा मारणारे. गच्चीत त्यांची एरियलची तार आहे आणि तिच्यावर कपडे वाळत घालू नयेत अशी पाटीही आहे.

त्या दिवशी मी सवयीनं डबीला हात घातला, तर आत नऊ व्होल्टची बॅटरी, एक फिरवायचं बटण आणि दोन वायरी!

"अण्णा, सुपारी कुठाय?"

"सुपारी नाही. उणे चार व्होल्ट आहेत. हात काढा."

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. उणे म्हटलं की मला ओव्हरड्राफ्टच आठवतो. मग अण्णांनी समजावलं. त्यांचा सेट १०० वॉटचा. त्याला जोडलेला जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ४० वॉटच पचवू शकतो. जास्त घातलं की आवाज फाटतो आणि फाटका आवाज आपल्या जागेवर राहत नाही, शेजारच्या स्टेशनांवर जाऊन सांडतो. म्हणून सेटच्या पाठीमागे एक भोक ठेवलेलं असतं. त्यात बाहेरून उणे व्होल्ट दिले की सेट आपला आवाज आवरतो. अण्णांच्या सेटला शून्य व्होल्ट म्हणजे मोकळं रान आणि उणे चार म्हणजे जवळजवळ मौन. मधलं काय हवं ते बटणानं ठरवायचं.

"पण पुढच्या बाजूला शक्ती कमी करायचं बटण दिसतंय की! ते ४० वर ठेवा."

अण्णा हसले. "ठेवलं होतं. पण हा सेट आधी बोलतो आणि मग किती बोललो ते मोजतो. जास्त झालंसं दिसलं की स्वतःला आवरतो. पण तेवढ्यात पहिला धक्का पूर्ण १०० वॉटनी गेलेला असतो. सेकंदाचा हजारावा हिस्सा, दोन हजारावे हिस्से. पण व्हॉल्व्हला तेवढे पुरतात. डबीचं तसं नाही. तोंड उघडायच्या आधीच तिचा हात खांद्यावर असतो."

यावर मी हसायला हवं होतं. पण मला आमचा काउंटर आठवला.

गेल्या वर्षीची गोष्ट. महिन्याची पहिली तारीख, पेन्शनची रांग, त्यात कॉम्प्युटर दोनदा बसलेला. एका आजींनी तिसऱ्यांदा विचारलं, "साहेब, पेन्शन जमा झालं का हो?" आणि मी ओरडलो, "आजी, किती वेळा सांगायचं!" सबंध हॉल वळून बघायला लागला. केबिनच्या काचेतून मॅनेजरसाहेबांनी मान वर केली आणि माझा आवाज ताबडतोब ४० वर आला. नंतरचं सगळं मी अत्यंत मृदू बोललो. बसा म्हटलं, पाणी मागवलं. माझा पुढच्या बाजूचा संयम उत्तम चालला होता. फक्त पहिलं वाक्य त्याच्या आधी निघून गेलं होतं.

पुढच्या महिन्यात आजी आल्या. काही न विचारता त्यांनी पासबुक काचेखालून सरकवलं आणि म्हणाल्या, "सवड असेल तेव्हा बघा." त्यानंतर त्यांनी मला कधीच काही विचारलेलं नाही.

बरं, ओरडून मी मिळवलं काय? त्याचाही हिशेब अण्णांकडे आहे. ऐकणाऱ्याच्या सेटवर आवाजाचा जोर दाखवणारा एक काटा असतो. तुम्ही २५ वॉटचे १०० केलेत, चौपट जोर लावलात, तरी तो काटा एकच खूण वर चढतो. म्हणून जितक्यात काम भागतं तितकीच शक्ती वापरावी, असा या मंडळींचा नियमच आहे. अमेरिकेत तर तो कायद्यात आहे: हौशी माणसाला १५०० वॉटपर्यंत मुभा, पण लागेल त्याहून जास्त वापरायची नाही. आम्हा बँकवाल्यांना मर्यादा म्हटली की तिथपर्यंत जायचंच असं वाटतं.

मी अण्णांना म्हटलं, "पण हा बाहेरून लावलेला संयम. त्यात सेटचा मोठेपणा काय?"

"मोठेपणा कुणाला हवाय? व्हॉल्व्ह वाचला ना!" अण्णा म्हणाले. "एकच भीती. बॅटरी उतरली की डबीत शून्य व्होल्ट, आणि सेटला वाटतं, मोकळं रान. म्हणून दर रविवारी मीटर लावून बघायचं."

मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. संयम आतला की बाहेरचा, हा वाद ज्यांचा व्हॉल्व्ह कधी जळला नाही त्यांनी घालावा. माझा आतला संयम खरा आहे, पण तो उशिरा येतो. साहेबांची काच वेळेवर असते, पण साहेब रजेवर गेले की शून्य व्होल्ट! तेव्हा तोंड उघडायच्या आधी हजर असेल तो संयम आपला. मग तो डबीतून येवो नाहीतर अंतःकरणातून.

हल्ली माझ्या काउंटरच्या काचेखाली आईचं जुनं पासबुक आहे. तीही दर पहिल्या तारखेला अशीच कुठल्यातरी काउंटरवर उभी राहायची आणि घरी आल्यावर तिथे काय झालं ते कधी सांगायची नाही. मान वर करून "बोला" म्हणायच्या आधी माझी नजर त्यावर जाते. महिन्या-दोन महिन्यांत नजर सरावते, बॅटरी उतरायला लागते. मग मी पासबुकाचं पान उलटून ठेवतो.

बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "घरासाठीही एखादी डबी करा ना." मी गप्प बसलो. तिच्यापुढे मी आधीच उणे साडेतीनवर असतो असा माझा समज होता.

आजी अजून येतात. परवा पासबुक सरकवताना त्या काहीतरी विचारणार असं वाटलं. मी नुसता थांबलो. त्यांनी पदर सावरला आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.