संशयाची परतीची वाट

‘टेक केअर ऑफ माया’ हा माहितीपट २०२३ साली नेटफ्लिक्सवर आला. तो पाहिल्यावर आम्ही बराच वेळ गप्प बसून होतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातली ही हकीकत. ऑक्टोबर २०१६ मध्ये दहा वर्षांच्या मायाला पोटदुखीमुळे बालरुग्णालयात दाखल केले. अंगात सतत तीव्र वेदना होण्याचा आजार तिला असल्याचे निदान आधीच्या डॉक्टरांनी केले होते आणि केटामाइन हे औषध मोठ्या प्रमाणात दिले जात होते. आई स्वतः परिचारिका. तिने त्याच औषधाचा आग्रह धरला. ही आईच मुलीला आजारी ठरवते आहे, असा रुग्णालयाला संशय आला. कोर्टाच्या आदेशाने मुलगी राज्याच्या ताब्यात गेली आणि आईची भेट बंद झाली. निदान एकदा मुलीला मिठी मारू द्या, ही तिची विनंतीही नाकारली गेली. जानेवारी २०१७ मध्ये आईने आपले आयुष्य संपवले. मायलेकींची ताटातूट सुमारे ८७ दिवसांची होती.

माहितीपट पाहताना डॉक्टरांचा राग येतो. पण राग हा काही इन्साफ नव्हे. या संशयाला जे नाव दिले जाते, ते ब्रिटिश डॉक्टर रॉय मेडो यांनी १९७७ मध्ये रूढ केले आणि असा छळ खरोखर घडतो. इंग्लंडमध्ये संशयित प्रकरणांतील ३९ मुलांच्या खाटांवर छुपे कॅमेरे लावले गेले. १९९७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ३३ प्रकरणांत छळ होताना दिसला. कित्येकांत तर मुलाचा श्वास कोंडला जात होता. त्या मुलांसाठी कोणाचा तरी संशय हाच एकमेव आधार होता. फ्लोरिडात असा संशय कळवणे डॉक्टरांवर कायद्यानेच बंधनकारक आहे. तेव्हा संशय आला हा गुन्हा नव्हे.

मग चूक कुठे होते? त्या कॅमेऱ्यांत एक गोष्ट होती. ते आईला दोषी दाखवू शकत होते, तसेच निर्दोषही दाखवू शकत होते. ६ प्रकरणांत त्यांना छळ दिसला नाही. मायाच्या आईसमोर अशी वाट नव्हती. तिला आजाराची माहिती होती, तर ती जरा जास्तच जाणते म्हणून संशय. ती भांडली, तर लक्ष वेधून घेते म्हणून संशय. अशी बाई गप्प राहिली असती, तर मुलीची पर्वा नाही असे म्हटले गेले असते. जे काही करावे त्याचा पुरावाच होत असेल, तर तो पुरावा राहतच नाही.

हजरत सुलैमान यांचा किस्सा आपल्या घरांत लहानपणापासून सांगितला जातो. एका बाळावर दोन बायकांचा दावा होता. त्यांनी सुरी मागवली आणि बाळाचे दोन तुकडे करायचे ठरवले. धाकटी म्हणाली, नको, तिलाच द्या. बाळ तिला मिळाले. सुलैमान यांनाही संशय होताच, कारण दोघींपैकी एक खोटे बोलत होती. पण खऱ्या आईला आपले खरेपण दाखवता येईल, अशी कसोटी त्यांनी घेतली आणि ती लगेच घेतली. महिनोन् महिने बाळाला तिसऱ्याच्या घरी ठेवले नाही.

सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. प्रत्येक गुमान गुनाह आहे असे मात्र तिथे म्हटलेले नाही; काही गुमान गुनाह आहेत. त्याच सूरहमध्ये खबर आली की पडताळून घ्या, असाही हुकूम आहे. आम्हाला वाटते, उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. मूल धोक्यात असेल तर त्याला वाचवावे. पण दुसऱ्या डॉक्टरचे मत लवकर घ्यावे, मुदत ठरवावी आणि तोवर कोणाच्या तरी देखरेखीखाली आईला मुलाला जवळ घेऊ द्यावे. पहारेकऱ्यासमोर मारलेल्या मिठीने कोणत्या मुलाला इजा होते?

२०२३ मध्ये ज्यूरीने या कुटुंबाला २६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली. न्यायाधीशांनी ती कमी केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने निकालच रद्द करून खटला पुन्हा चालवण्यास सांगितले. प्रामाणिक हेतूने संशय कळवणाऱ्याला कायद्याने दिलेले संरक्षण हा त्यातला मुद्दा होता. ते संरक्षण असावेच. पण ज्याच्यावर संशय घेतला, त्याला कोणते संरक्षण?

संशयाच्या नजरेखाली जगणे काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. बोललो तरी संशय, गप्प राहिलो तरी संशय. म्हणूनच हा प्रश्न आपण फक्त दुसऱ्यांना विचारून चालणार नाही. मोहल्ल्यातल्या एखाद्या बाईवर, घरातल्या सुनेवर आपणही असाच संशय घेतो आणि तिचा प्रत्येक शब्द तिच्याच विरुद्ध लावतो. संशय घ्यावा लागला तर स्वतःला एवढे विचारावे: ही निर्दोष असेल, तर ते मला कशावरून कळेल? याचे उत्तर आपल्याकडे नसेल, तर आपण चौकशी करत नाही आहोत. निकाल देऊन मोकळे झालो आहोत.