मित्राचं दुःख, माझी चाल

माझ्या एका मित्राला गेल्या वर्षी एका मुलीनं शांतपणे, नीट समजावून ‘नाही’ म्हटलं. त्या रात्री गंगापूर धरणाच्या रस्त्याला बाईक लावून तो तासभर बोलत होता. मी ऐकत होतो. खरं तर अर्धाच ऐकत होतो. ‘आता तिला मेसेज करणार नाही,’ हे वाक्य तो तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याचा आवाज जिथे उतरला, तिथे मला चाल सापडली. घरी येऊन पहाटेपर्यंत गाणं पूर्ण केलं. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. तो मात्र त्या रात्री झोपला नव्हता.

हा आनंद चोरीचा होता का?

दुसऱ्याच्या प्रेमाबद्दल बोलणं आपल्याकडे फार जुनं आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथा आहेत. त्यातल्या कितीतरी सखीच्या तोंडी आहेत. मैत्रीण झुरते आणि सखी जाऊन त्याला सांगते. आमच्या पांडवलेणीत याच सातवाहनांचे प्राकृत शिलालेख आहेत. तिथे राजांची नावं आणि दानांचे तपशील कोरलेत. गाथेतल्या झुरणाऱ्या पोरी बिननावाच्याच. पण सखीचं बोलणं जातं ते जो काही करू शकतो त्याच्याकडे. माझं गाणं जाणार होतं हेडफोन लावलेल्या कुणाकडेही. सखी मैत्रिणीसाठी बोलते. मी कुणासाठी बोलत होतो?

नाव लपवलं की झालं, असं मला वाटायचं. नाशिकच्याच कुसुमाग्रजांनी ‘पृथ्वीचे प्रेमगीत’मध्ये न मिळणारं प्रेम थेट पृथ्वीला दिलं आणि समोर सूर्य ठेवला. १९४२ च्या ‘विशाखा’तली ही कविता वाचून कुणाचंच काही उघडं पडत नाही. पण सूर्याला परका, दूरचा म्हटलं तर त्याचं काही बिघडत नाही. माणसाचं बिघडतं. माझ्या दुसऱ्या कडव्यात ती मुलगी दगडाच्या काळजाची झाली होती. का? चालीला तिथे जोर हवा होता म्हणून.

गाणं आधी मित्राला ऐकवलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “चाल मस्त आहे. पण ती अशी नव्हती रे.”

एकतर्फी प्रेमाच्या गाण्यात ‘नाही’ म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा कडवंच मिळत नाही. तिनं काहीच वाईट केलं नव्हतं. तरी माझ्या तीन मिनिटांत गुन्हेगार तीच होती, आणि साक्षीदार म्हणून मी माझ्या मित्राला उभं केलं होतं.

ते कडवं मी काढलं. तिथे आता नुसती बासरी वाजते. मित्र म्हणतो, टाक अपलोड करून. पण त्याची परवानगी पुरेशी नाही, तिलाही विचारायला हवं. आणि तिला विचारायचं म्हणजे जो मेसेज न करण्याचं त्यानं तीनदा ठरवलं, तोच मी करायचा.

गाणं माझ्या फोनमध्येच आहे.