थांबायचं ठाऊक असलेली पेशी

थोडा वेळ स्वस्थ बसा. श्वास मुद्दाम लांबवू नका, येतोय तसा येऊ द्या. हवा श्वासनळीतून खाली उतरते, फाट्यामागून फाटा घेत बारीक होत जाते आणि शेवटी कोट्यवधी वायुकोशांपर्यंत पोचते. लक्ष तिथवर जाऊ द्या.

तिथली एखादीच पेशी मनात धरा. तिनं सूर्य कधी पाहिलेला नाही, तरी दिवस कुठवर आलाय हे तिला कळतं. डोळ्यांतून आलेल्या उजेडावर मेंदूतला सुमारे 20,000 चेतापेशींचा एक पुंजका आपली वेळ लावतो आणि ती शरीरभर कळवतो. पण या पेशीचं स्वतःचंही घड्याळ आहे, जनुकांनी चालणारं.

त्याची चाल सावकाश पाहू. क्लॉक आणि बीमॅल-1 ही दोन प्रथिनं जोडीनं डीएनएवर बसतात आणि पीरियड व क्रिप्टोक्रोम या जनुकांना कामाला लावतात. त्या जनुकांची प्रथिनं पेशीत साठू लागतात. पुरेशी साठली की ती केंद्रकात शिरतात आणि ज्या जोडीमुळे ती तयार झाली तिचंच काम थांबवतात. टाकी भरली की वर आलेला फ्लोट नळ बंद करतो, तसंच. मग ही प्रथिनं हळूहळू मोडीत निघतात, अटकाव सुटतो आणि काम नव्यानं सुरू होतं. एका फेरीला साधारण 24 तास लागतात. ती मनात एकदा पुरी होऊ द्या. घाई नको.

ही चाल पहिल्यांदा उमगली ती फळमाश्यांमुळे. 1971 साली कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का हा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक सीमोर बेंझर यांना तीन विलक्षण वाण सापडले. एकातल्या माश्यांचा दिवस 19 तासांचा, दुसऱ्यातल्यांचा 28 तासांचा, आणि तिसऱ्यात तालच हरवलेला. तिन्ही बिघाड एकाच जनुकातले निघाले. याचं नवल माझ्या मनातून अजून ओसरत नाही. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 साली नोबेल मिळालं, तेव्हा ते पाहायला कोनोप्का आणि बेंझर दोघंही नव्हते.

आता जड गोष्टीकडे वळू. कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते. ती आपलीच असते, थांबायचं विसरलेली. 2016 साली एमआयटीतल्या संशोधकांनी फुप्फुसात गाठी होणारे उंदीर घेतले आणि त्यांच्या पिंजऱ्यातल्या उजेड-अंधाराची वेळ दर दोन-तीन दिवसांनी आठ तास अलीकडे आणली. गाठी भराभर वाढल्या. मग उजेडाला हात न लावता त्यांनी पीरियड-2 किंवा बीमॅल-1 हे जनुकच काढून टाकलं. तरीही तेच घडलं. वाढीला रेटा देणारं मिक नावाचं प्रथिन त्या गाठींत वाढलेलं होतं. म्हणजे पेशीचं रोजचं घड्याळ चालवणारी जनुकं गेली, की वाढीला लगाम घालणारा एक हातही जातो.

इथे थोडं थांबा, कारण इथूनच मन रात्री जागणाऱ्यांना दोष द्यायला धावतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. फुप्फुसाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण आजही तंबाखूचा धूर हेच आहे, आणि आयुष्यात कधी विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही तो होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं, पण माणसांमधला तो पुरावा मुख्यतः स्तन, प्रोस्टेट आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा आहे. तेव्हा अतिदक्षता विभागातली परिचारिका, रेल्वेचा सिग्नल सांभाळणारा, कारखान्यातली तिसरी पाळी यांच्याकडे बोट दाखवू नका. ती माणसं आपल्यासाठी जागतात. त्यांच्या पाळ्या भरभर बदलू नयेत, दिवसाची झोप त्यांना शांतपणे मिळावी, ही जबाबदारी पाळ्या लावणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची.

आणि आजारी माणसाचा विचार करा. फुप्फुसाच्या कर्करोगात इम्युनोथेरपीचं औषध दुपारच्या आत दिलं तर अधिक गुण येतो का, हे आता तपासलं जातंय. सध्या ही वेळ बहुतेक ठिकाणी खाट कधी रिकामी होते त्यावर ठरते. ती रुग्णाच्या पेशींचं घड्याळ पाहून ठरू लागावी, असं मला मनापासून वाटतं.